भुई आणि फरशी

आमच्याकडं घर पुरं झाल्यावर कुणी राहायला जात नाही. भिंती उभ्या राहिल्या, डोक्यावर छप्पर आलं की वास्तुशांत उरकायची आणि चूल पेटवायची. फरशी, रंग ही कामं मागाहून, जसजसं भात विकलं जाईल तसतशी. घरकुलवाल्यांचंही तेच. सरकारचे पैसे जोतं, भिंती, छप्पर यांचे फोटो काढून हप्त्याहप्त्यानं येतात. ते छपरापर्यंत पुरले तरी पुष्कळ झालं. त्यामुळं वर स्लॅब आणि आत मातीची भुई अशी घरं आमच्या मावळात बघायला मिळतात.

आमचंही तसंच झालं, फक्त घाईनं झालं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारपासून तिकोन्याकडून असा वारा सुटला की जुन्या घराची कौलं पाचोळ्यासारखी उडाली. शेजारीच नवं घर उभं होतं. स्लॅब पडलेला, गिलावा झालेला, दारं बसलेली. फरशी तेवढी राहिली होती, कारण टाळेबंदीत फरशीवाले आपापल्या मुलखाला निघून गेले होते. त्याच संध्याकाळी पेरणीचं बी, देवाचे टाक आणि आईला घेऊन आम्ही नव्या घरात शिरलो. मुहूर्त बघायला वेळच नव्हता.

खाली नुसता मुरूम. दोन दिवस गोणपाट अंथरून काढले. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “आरं, मुरमावर कशी माणसं जेवायची? त्याला भुई करा.” मी आणि थोरल्यानं पाणी मारून धुमसानं मुरूम ठोकला. बांधावरची चिकण माती आणली, तिच्यात भाताचं तूस कालवलं, थर दिला आणि चोपण्यानं चोपला. मग आईनं आणि कारभारणीनं शेणानं सारवलं. वर सिमेंटचा स्लॅब आणि खाली शेणाची भुई. थोरला हसायचा, पण चार दिवसांनी तोही तिथंच पाठ टेकायला लागला.

सारवणं बघायला सोपं वाटतं. शेण ताजं पाहिजे, पाणी बेतानं पाहिजे. पाणी जास्त झालं तर वाळल्यावर भुईला भेगा पडतात, कमी झालं तर खपल्या निघतात. कोपऱ्यातनं सुरुवात करायची आणि उकिडवं बसून दाराकडं मागं मागं सरकत यायचं. पावसाळ्यात सगळंच अवघड. गुरं हिरवं गवत खातात, शेण पातळ येतं, आणि सारवलेलं दोन-दोन दिवस वाळत नाही. शेजारच्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आम्ही तेवढे पावसातले नाही, पण भुईला ओल सुटायला आमचाही पुरतो.

पुढं दोन हंगामांचा इंद्रायणी विकून हातात पैसे आले आणि फरशीवाला मिस्तरी बोलावला. त्यानं टेप लावून खोल्या मोजल्या आणि मजुरी चौरस फुटावर सांगितली. आम्ही घासाघीस करत होतो. आई ओट्यावर बसून ऐकत होती. मध्येच म्हणाली, “भुईची मजुरी असती व्हय?”

रात्री मी मनातल्या मनात हिशेब केला. आई पंधराव्या वर्षी या घरात आली. आठवड्याला एकदा सारवलं धरलं तर वर्षाला पन्नास वेळा. साठ वर्षं धरली तर तीन हजार वेळा ती घरभर उकिडवी सरकली. तिचे गुडघे का गेले हे डॉक्टरला विचारायची गरज नव्हती. बैलाच्या पेंडीचा, खताचा, नांगरटीचा हिशेब आमच्या वडिलांच्या वहीत असायचा. हा कुठंच नव्हता.

म्हणून फरशी करायचीच होती. थोरल्याला मोरबीची पांढरी, तोंड दिसेल अशी टाइल पाहिजे होती. आईनं दुकानात चप्पल काढून तिच्यावर पाय ठेवला आणि नको म्हणाली. शेवटी सगळीकडं खरबरीत, मातकट रंगाची घेतली. दीड-दोन वर्षं राहिल्यामुळं रात्री ती कुठनं कशी भिंत धरत मोरीकडं जाते हे आम्हाला ठाऊक झालं होतं. त्या वाटेवर पायरी येऊ दिली नाही.

राहत्या घरात फरशी बसवणं म्हणजे वेगळा संसार. एका खोलीतलं सामान दुसरीत, दुसरीतलं पडवीत. बसवलेल्या फरशीवर दिवसभर पाय ठेवायचा नाही, म्हणून मागच्या दारानं वळसा घालून चुलीकडं जायचं. कटरची धूळ देवांवर, तांदळावर, दुधावर. फरशीनं जमीन उंच झाली तशी दारं अडायला लागली. ती काढून सुतारानं खालून तासली.

रंग सगळ्यात शेवटी. तोवर पावसानं पश्चिमेची भिंत कुठं ओल धरते ते दाखवून दिलं होतं. तिथं बाहेरून आधी भेगा बुजवल्या. आत तेवढ्या भिंतीला ऑइल पेंट न देता कळीचा चुना दिला. ओलीवर पेंटचे पोपडे धरतात, चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. आमच्या गडावर चुन्याचा घाणा आहे. चुना काय चीज आहे ते या डोंगरानं आधीच बघितलेलं आहे.

राहिलं अंगण. मिस्तरी म्हणाला, उरलेल्या मालात अंगणही करून टाकतो. आई कधी नव्हे ते मोठ्यानं बोलली, “तुळशीपुढची जागा सोडा. मला भुई लागंल.” आम्हाला वाटलं, म्हातारीला सवय सुटत नाही. सोडली.

पुढच्या फाल्गुनात आई अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवशी भावकीतली जाणती माणसं आली. आमच्यात माणूस जाताना खाटेवर ठेवत नाहीत, सारवलेल्या भुईवर घेतात. एक चुलते घरभर बघून म्हणाले, “भुई कुठंय?” कारभारणीनं काही न बोलता शेण कालवलं आणि तुळशीपुढची जागा सारवली. तिथं घोंगडी अंथरून आम्ही आईला खाली घेतलं. तिनं एक हात घोंगडीबाहेर काढून भुईवर ठेवला. थोड्या वेळानं ती गेली.

ती जागा अजून तशीच आहे. सणावारी कारभारीण सारवते. तिचेही गुडघे आता दुखायला लागलेत, म्हणून अलीकडं मी शेण आणून देतो आणि निम्मी जागा मी सारवतो. माझं सारवण अजून खपल्या धरतं. थोरला म्हणतो, तिथं ब्लॉक बसवू, दोघांचीही दगदग वाचेल. त्याचं चुकीचं नाही. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही.