अर्धेलीचं घर

इटलीचे फोटो कधी दाखवणार म्हणून सगळे मागे लागलेत. दाखवेन, पण आधी हे लिहून होऊ दे, नाहीतर राहून जाईल.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तीन रात्री एका जुन्या व्हिलात राहिलो. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या किआन्ती भागात. (भाडं सांगत नाही, आई वाचते. :)) व्हिला म्हणजे शहरातल्या श्रीमंतांचं शेतावरचं घर. दगडी भिंती, लाकडी तुळया, पायाला गार लागणारी तांबड्या विटांची जमीन, हिवाळ्यात लिंबाच्या कुंड्या आत ठेवायला वेगळी लांबलचक खोली. डागडुजी इतकी बेमालूम की कुठलं जुनं आणि कुठलं नवं ते कळत नाही. नवरा तर सारखा भिंतींवरून हात फिरवत होता.

आमची खोली मात्र व्हिलात नव्हती. थोडं उतरून खाली कुळाचं घर होतं, त्यात होती. हो, कुळाचंच. त्या भागात कित्येक शतकं 'मेत्साद्रिया' नावाची पद्धत होती. जमीन आणि घर मालकाचं, कष्ट कुळाच्या अख्ख्या कुटुंबाचे आणि पीक निम्मं निम्मं. शब्दाच्या मुळातच अर्धं आहे. म्हणजे आपली अर्धेलच की! शिवाय सणावाराला मालकाकडे कोंबड्या, अंडी पोचवायची. कुटुंबात कुणाचं लग्न ठरलं तर मालकाची परवानगी. खाली गोठा, वर माणसं. गुरांची ऊब वर यायची. आमच्या खालच्या गोठ्यात आता वाइन चाखायची टेबलं मांडली आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांचा वाटा ५३ टक्के झाला. १९६४ च्या कायद्याने नवे करार बंद झाले आणि १९८२ च्या कायद्याने उरलेल्या करारांचं रूपांतर साध्या भाडेपट्ट्यात करायची सोय झाली. पण तोवर माणसं शहरांतल्या कारखान्यांकडे निघून गेली होती. घरं ओस पडली, मग बाहेरच्यांनी घेतली, हॉटेलं झाली. खोलीतल्या माहितीपत्रकात मालक घराण्याचा इतिहास दोन पानं होता. कुळांबद्दल एक ओळ, 'साधं ग्रामीण जीवन' वगैरे.

आता इथून पुढचं सासरची मंडळी वाचणार हे माहीत असून लिहितेय. माझं सासर खोतांचं, माहेर कुळांचं. आमच्या लग्नात हे कुणी बोललं नाही, नंतरही नाही. माझी आजी अलिबागजवळच्या गावची. चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ ला सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला, नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली. कुळांनी खोतांची शेतं कसायचीच नाहीत असं ठरवलं. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची. लाकडं विकून दिवस काढले म्हणायची. खळ्यावर माप घालायला यायचा त्या माणसाच्या चपलांचा आवाज तिला म्हातारपणीही आठवायचा. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, खोती गेली ती कायदा झाल्यावर, १९४९ नंतर. हे सगळं मला तोंडपाठ आहे. नवऱ्याच्या घरी मात्र 'आपल्या जमिनी कायद्यात गेल्या' एवढंच वाक्य.

शेवटच्या दिवशी हॉटेलच्या स्वागतकक्षात काचेखाली ठेवलेली एक वही दिसली. कुळाच्या हिशेबाची. एका बाजूला देणं, एका बाजूला येणं. अक्षर सुरेख, अर्थातच मालकाच्या कारभाऱ्याचं. मी आकडे लावत बसले. नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अशी वही आमच्याकडे पण आहे. माळ्यावर, पितळी भांड्यांच्या पेटीत."

"कधी सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस." मग थोड्या वेळाने, "आणि मलाही उघडावीशी वाटली नाही."

विमानात आमचं त्यावर थोडं वाजलं. ते इथे नको. :)

असो. यंदा गणपतीला गावी गेलो की ती पेटी खाली काढायची ठरली आहे. काका, तुम्ही वाचत असाल तर माळ्याची किल्ली शोधून ठेवा. आणि मोडी वाचू शकणारं कुणी ओळखीत असेल तर कृपया कळवा.