पहिल्या घरातला दाणा

आमचे वडील होळकर संस्थानच्या खजिन्यात कारकून होते. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच, पण हिशेब पक्का. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी चौसष्ट घरे भरल्यास एकूण दाणे किती, हे त्यांनी एका वहीत दुपटीदुपटीने मांडले होते. बेरीज होती १८४४६७४४०७३७०९५५१६१५. 'लीलावती'त स्थानांची नावे अठराव्या स्थानी, परार्धापाशी संपतात. ही संख्या वीस अंकी.

१९८१ साली नव्या पदवीच्या तोऱ्यात आम्ही त्या शेवटच्या पाचावर बोट ठेवले. दुपटीने आलेली संख्या सम. समांची बेरीज विषम कशी येईल? वडिलांनी वहीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि वही मिटली. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. १९८४ मध्ये ते गेले.

मागील दिवाळीत नातवापुढे ती वही उघडली आणि आमची शंकाही सांगितली. तो म्हणाला, "पण आजोबा, पहिल्या घरात तर एकच दाणा आहे." एक विषम! पदवीधराला तेवढे सुचले नव्हते.

मग आम्ही दोघे पटच घेऊन बसलो. पहिल्या ओळीतील आठ घरांची बेरीज २५५. दुसऱ्या ओळीतले प्रत्येक घर पहिल्या ओळीतल्या त्याच जागच्या घराच्या २५६ पट, आणि पुढेही तसेच. म्हणजे प्रत्येक ओळीची बेरीज २५५ च्या पटीत, आणि २५५ म्हणजे ३ × ५ × १७. संख्या विषम, शिवाय पाचाने भाग जाणारी; तेव्हा शेवटी पाचच हवा. उरलेले गुणक २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. पैकी हा शेवटचा मूळ संख्या असावा, असे सतराव्या शतकात फर्माला वाटले होते. १७३२ मध्ये ऑयलरने तो ६४१ × ६७००४१७ असा फोडून दाखवला. (फर्मासारखाही चुकतो, हे वाचून थोडे हायसे वाटले, हे कबूल करतो.) एकंदर सात मूळ अवयव, सगळे निरनिराळे, म्हणून एक आणि ती संख्या स्वतः धरून या राशीला बरोबर १२८ विभाजक.

वडिलांना या अवयवांशी कर्तव्य नव्हते. बेरीज मात्र त्यांनी विसाव्या अंकापर्यंत बिनचूक केली होती, आणि आम्ही ती एकदाही पडताळून पाहिली नव्हती. वहीला नातवाने आता खाकी कव्हर घातले आहे.