प्रमाण पाठाची प्रतीक्षा

‘पिंक फ्लॉइड’ या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाची ‘लाइव्ह ॲट पाँपेई’ ही मैफल मी प्रथम पाहिली ती वसतिगृहातील एका मित्राच्या ध्वनिचित्रफितीवर. ती फीत नकलेची नक्कल असावी. ‘एकोज’ या दीर्घ रचनेच्या मध्यावर चित्र थरथरे आणि काही क्षण नुसत्या पांढऱ्या रेघा उमटत. पुढे जगभरच्या चाहत्यांप्रमाणे मीही या चित्रपटाच्या निर्दोष आवृत्तीची वाट पाहत राहिलो. आपण नेमकी कशाची वाट पाहत होतो, हा प्रश्न पाठचिकित्सा शिकवताना मला आता वारंवार पडतो.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेईतील अँफिथिएटरमध्ये १९७१ च्या ऑक्टोबरात दिग्दर्शक एड्रियन मेबन यांनी ही मैफल चित्रित केली. तिला श्रोतृवृंद नव्हता. दगडी पायऱ्या रिकाम्या होत्या. काही भाग नंतर पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित झाला, म्हणजे ही संहिता मुळातच एकजिनसी नव्हती. १९७२ मध्ये तिचे सुमारे तासाभराचे रूप प्रदर्शित झाले. पुढे ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या ध्वनिमुद्रणकाळातील ॲबी रोड स्टुडिओतील दृश्ये तीत आली. २००३ च्या डीव्हीडीसाठी तर स्वतः मेबन यांनीच संगणकनिर्मित ग्रहगोल आणि प्राचीन पाँपेईची दृश्ये घालून नवे रूप सिद्ध केले. जुने रूपही त्याच तबकडीवर होते. तरीही अनेक चाहते नाराज झाले.

कर्त्याने केलेला अंतिम संस्कार तो प्रमाण, असे पाठचिकित्सेतील एक मत आहे. येथे रसिकांनी कर्त्याचा तो अधिकारच नाकारला. ही केवळ सवयीची आसक्ती होती असे मला वाटत नाही. ज्या मैफलीला श्रोता नाही, तिच्यातील रिकामी जागा पाहणाऱ्यानेच व्यापलेली असते. त्या रिकामेपणात नवी चित्रे भरणे म्हणजे त्याला त्याच्या आसनावरून उठवणे होय.

२०२५ मध्ये मूळ ३५ मि.मी. निगेटिव्हवरून चौकट-चौकट शुद्ध केलेली आवृत्ती एप्रिलात चित्रपटगृहांत आणि मे महिन्यात तबकडीवर आली. तिच्यासाठी स्टीव्हन विल्सन यांनी ध्वनीचे नवे मिश्रण केले होते. वाद्यवृंदातील रिचर्ड राइट २००८ मध्येच निवर्तले होते. पडद्यावर मात्र त्यांची बोटे पूर्वी कधीच दिसली नव्हती इतकी स्पष्ट दिसत होती. ‘एकोज’चा मध्य आला आणि मी नकळत त्या पांढऱ्या रेघांसाठी सावरून बसलो. त्या आल्या नाहीत. ज्याची वाट पाहिली ते आले होते. जे माझ्या स्मरणात होते ते मात्र त्यात नव्हते.

तेव्हा मला माझ्या प्रबंधातील एक तळटीप आठवली. हस्तलिखित बाडांवरून अभंगांची संहिता सिद्ध करीत असताना एका खेड्यातील वृद्ध वारकऱ्यांकडून त्यांपैकी एक अभंग ऐकला होता. त्याचा एक चरण कोणत्याही बाडाशी जुळेना. मी तसे सांगताच ते म्हणाले, “आमच्याकडं असंच म्हणत्यात, सर.” मी हसलो आणि तो चरण ‘अपपाठ’ म्हणून तळाशी टाकला.

पाठशुद्धीचे मोल मी नाकारीत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या परंपरेचे ऋण मानूनच मी या विषयात आलो. परंतु ज्याला आपण भ्रष्ट म्हणतो तो पाठ कोणाच्या तरी आयुष्यात पूर्ण पाठ म्हणून वावरलेला असतो, हे मला माझ्याच खराब फितीने शिकवले. माझ्या चुकीच्या प्रतीला मी स्मृती म्हटले. त्यांच्या प्रतीला दोष म्हटले. हा भेद शास्त्राने केलेला नव्हता, मी केला होता.

ते गृहस्थ आता हयात नाहीत. प्रबंधाची नवी आवृत्ती काढण्याचे घाटत आहे. तो चरण तळटीपेतच राहील, कारण बाडांचा आधार त्याला नाही. मात्र त्यापुढील ‘अपपाठ’ हा शब्द मी काढणार आहे, आणि तो चरण कोणत्या गावी, कोणाच्या तोंडून ऐकला, ते तेथे नोंदवणार आहे.