गाडी आहे कुठे?

मॉडेल रेल्वेच्या जुन्या पद्धतीत रुळांना बारा व्होल्ट द्यायचे आणि गोल बटण फिरवायचं. दाब वाढला की गाडी पळते. एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही पळतात, आणि लेआउट मोठा होऊ लागला की सगळा वैताग इथूनच सुरू होतो.

*

डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) या नव्या पद्धतीत रुळांत वीज कायम भरलेली असते आणि त्याच विजेतून हुकूमही जातो. 58 मायक्रोसेकंदांचा अर्धा ठोका म्हणजे एक, 100 किंवा त्याहून लांब म्हणजे शून्य. इंजिनाच्या पोटातला डीकोडर फक्त आपल्या पत्त्यावरचा निरोप ऐकतो. नवा डीकोडर बहुधा 3 हा पत्ता घेऊनच येतो. तो न बदलता दोन नवी इंजिनं रुळावर ठेवली, तर एकाला हाक मारल्यावर दोघंही ओ देतात.

*

संगणक जोडला म्हणजे गाड्या आपोआप धावतील, असं वाटतं. हुकूम सोडणं सोपंच आहे. अडतं ते वेगळ्याच जागी: संगणकाला गाडी दिसत नाही.

म्हणून लेआउटचे ब्लॉक पाडायचे. ब्लॉकच्या टोकांना रूळ कापून तो तुकडा विजेच्या दृष्टीने वेगळा करायचा आणि तिथे वीज खर्च होतेय का, हे सेन्सरने बघायचं. होत असेल तर ब्लॉक भरलेला. पण वीज खातं इंजिन किंवा दिवे असलेला डबा. साधी मालगाडीची वाघीण काहीच खात नाही. इंजिन पुढच्या ब्लॉकमध्ये गेलं की मागचा ब्लॉक रिकामा म्हणून नोंदला जातो, आणि तिथे सहा वाघिणी सांध्यावर आडव्या असतात! यावरचा उपाय म्हणजे धातूच्या चाकांच्या आसावर बारीक रेझिस्टर चिकटवणं. कंटाळवाणं काम आहे, पण निदान शेवटच्या वाघिणीला तरी तो हवाच.

गाडीचं शेपूट मागे राहिलं नाही ना, हे खऱ्या रेल्वेलाही बघावं लागतं. आपल्याकडे शेवटच्या डब्यामागे ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल) पाटी असते. ती दिसली म्हणजे गाडी अखंड आली.

*

ब्लॉक भरलाय हे कळलं, तरी कोणी भरलाय ते कळत नाही. सॉफ्टवेअर अंदाज बांधतं: मागच्या ब्लॉकमध्ये मालगाडी होती, तेव्हा ही तीच. कोणी हाताने इंजिन उचलून दुसरीकडे ठेवलं की हिशेब कोलमडतो. घरात लहान मूल असेल तर हे रोजचंच.

*

जेएमआरआय हे जावात लिहिलेलं फुकट सॉफ्टवेअर. बॉब जेकबसन या बर्कलीच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केलं. डीकोडरच्या नुसत्या आकड्यांच्या सेटिंग ते नावांनिशी समोर मांडतं. या प्रकल्पाच्या डीकोडर-फायली एका व्यावसायिक स्पर्धकाने श्रेय न देता वापरल्या, तेव्हा जेकबसन कोर्टात गेले. 2008 मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने निर्णय दिला की मुक्त परवान्याच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. मुक्त सॉफ्टवेअरवाले आजही या निकालाचा दाखला देतात. खेळण्यातल्या इंजिनांवरून झालेलं भांडण, पण कामाला आलं साऱ्या जगाच्या.

*

एमआयटीतला मॉडेल रेल्वे क्लब 1946 चा. टेलिफोन एक्स्चेंजच्या रिलेंवर गाड्यांचं नियंत्रण रचणारी त्यातली पोरं पुढे संगणकाच्या खोलीत घुसली आणि हॅकर म्हणवली गेली. म्हणजे संगणकावर छोट्या रेल्वेचं जुनं देणं आहे.

*

हॅम्बुर्गच्या मिनिआटूर वुंडरलँडमध्ये हजाराहून जास्त गाड्या आहेत. तिथे संगणकाविना गत्यंतर नाही. पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वे संग्रहालयात जाल तेव्हा मात्र थोडा वेळ गाड्या सोडून सिग्नलकडे बघा: पुढचा ब्लॉक भरलेला की रिकामा, ते सिग्नलच सांगतो.

*

गाडी फलाटावर नेमकी थांबवणं ही संगणकाची खरी परीक्षा. त्यासाठी प्रत्येक इंजिनाचा वेग पायरीपायरीने मोजून नोंदवावा लागतो, आणि तोही इंजिन तापल्यावर. गार इंजिन वेगळं वागतं. रूळ मळका असला तर सगळं मोजमाप वाया.

*

सुरुवात करायची असेल तर आर्डुइनो मेगा, एक मोटर शील्ड आणि डीसीसी-ईएक्स हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. वाय-फाय जोडलं तर बटणाच्या जागी मोबाईल चालतो. बोगदे-डोंगर नंतर करा, आधी ब्लॉक आखा. एका वर्तुळावर दोन गाड्या आपोआप मागेपुढे धावायच्या असतील तर किमान तीन ब्लॉक लागतात.