सत्तेचाळिशीचा कोको

आमच्या स्वयंपाकघरांनी बाईच्या शरीराची जवळजवळ प्रत्येक अवस्था ओळखलेली आहे. मुलीला न्हाण आलं की गोडधोड. सातव्या महिन्यात डोहाळजेवण. बाळंतिणीला तर मोजदाद नाही: अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सुंठ-गूळ-तुपाची गोळी, जेवणानंतर बाळंतशोपा, दूध यावं म्हणून शतावरीचा कल्प. तिच्या बाळासाठी सहाणेवर उगाळलेली गुटी, आणि तीही किती हिशेबाने! जायफळाचा एक वेढा, वेखंडाचा अर्धा, हळकुंडाचे दोन. बाळ मोठं होईल तसे वेढे वाढवायचे, हे घरातल्या म्हाताऱ्या बाईला तोंडपाठ असायचं.

आणि मग तीच बाई पंचेचाळीस-पन्नाशीत येते. पाळी दोन-दोन महिने येत नाही, आली की थांबत नाही. ऐन थंडीत रात्री तीनला घामाने गाऊन भिजतो, पंखा लावावा तर शेजारचा माणूस कुडकुडतो. सकाळी गॅससमोर उभी असताना नाव विसरायला होतं, कुणाचं ते तिचं तिलाच कळत नाही. आणि या अवस्थेसाठी तिला दिलं काय जातं? ‘चालायचंच आता, वय झालं.’ एक लाडू नाही, एक काढा नाही, कुणी खास तिच्यासाठी चुलीवर ठेवलेलं एक भांडंसुद्धा नाही. आयुष्यभर जिने दुसऱ्यांसाठी उकळलं, गाळलं, उगाळलं, तिच्या वाट्याला या वळणावर रिकामं ताट यावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या आईच्या वेळीही असंच होतं. ती पाचेक वर्षं ती गप्प राहून काढत होती, आणि आम्ही तिला चिडखोर म्हणत होतो.

मी सत्तेचाळिशीत आहे. भारतात बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला जाते, म्हणजे मी अगदी वेळेवर आहे. माझ्यासाठी कुणी काही शिजवलेलं नाही, तेव्हा मीच शिजवते: बिनसाखरेचा कोको, दूध, आणि आमच्याच डब्यातला मसाला.

कोकोच का, याचं उत्तर मला गोव्यात मिळालं. फोंड्याजवळ एका कुळागरात मी ते झाड पहिल्यांदा पाहिलं. सुपारीच्या उंच, सडपातळ झाडांखाली दाट सावलीत उभं होतं. कोकोला फुलं शेंड्यावर येत नाहीत, थेट खोडातून आणि जाड फांद्यांतून फुटतात, नखाएवढी, पांढरट गुलाबी. त्यांचं परागीभवन मधमाशी करत नाही, डोळ्यांना जेमतेम दिसणारी चिलटं करतात. त्या एवढ्याशा फुलातून वीतभर लांबीचं पिवळं, धारा असलेलं फळ खोडालाच लटकतं. मालकांनी एक कोयत्याने फोडून दिलं. आत पांढऱ्या गराने लपेटलेल्या तीस-चाळीस बिया. गर चोखला तर आंबटगोड, सीताफळाच्या जवळचा. बी चावली तर जांभळी आणि कडूजहर, चॉकलेटचा मागमूस नाही. तो वास यायला बिया केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस रचून आंबवाव्या लागतात. ढीग आतून तापतो, हात घालवत नाही, जांभळा रंग तपकिरी होतो. मग ऊन, मग भाजणं.

पण मी थबकले ते बाजूची झाडं बघून. त्याच सावलीत जायफळ होतं, दालचिनी होती, सुपारीवर मिरवेल चढलेला होता, खाली वेलची. कोको आला ॲमेझॉनच्या खोऱ्यातून, जायफळ बांदा बेटांवरून, दालचिनी श्रीलंकेची, मिरी मात्र आपल्याच घाटाची. जगाच्या चार कोपऱ्यांतली मंडळी एकाच पाटाचं पाणी पीत, एकाच मातीत उभी. पेला तिथेच माझ्या मनात तयार झाला.

आता तो करायचा कसा, हे सावकाश सांगते, कारण घाई केली तर त्यातलं निम्मं जातं.

कोको घेताना डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचावीत. बाजारात ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा पहिलं नाव साखरेचं असतं, ते आपलं नाही. नुसता, बिनसाखरेचा कोको हवा, आणि शक्यतो अल्कलीची प्रक्रिया न केलेला. ही प्रक्रिया डच लोकांची. १८२८ साली नेदरलँड्समध्ये व्हॅन हाउटेन घराण्याने कोकोतलं तूप दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, पुढे भुकटी पाण्यात नीट मिसळावी म्हणून तिला अल्कली लावायची रीत रुळली. रंग गडद झाला, आंबटपणा गेला, पण त्याबरोबर फ्लॅव्हनॉल नावाची जी द्रव्यं रक्तवाहिन्यांना लवचीक ठेवायला मदत करतात, त्यांतलाही मोठा भाग गेला. बिनअल्कलीचा कोको फिका, विटकरी दिसतो, जिभेला किंचित आंबट लागतो. मला तो आंबटपणा आवडतो. फळाची आठवण त्यात शिल्लक असते.

एका पेल्याला मोठा चमचाभर कोको, सपाट. त्यात पाव चमचा दालचिनीची पूड, चिमूटभर सुंठ, दोन वेलदोड्यांचे दाणे कुटून, मिठाचे चार कण. जायफळ मात्र आयत्या वेळी किसायचं. त्याचा कापलेला भाग एकदा उजेडात धरून बघा: फिकट तपकिरी अंगावर गडद रेघा आत वळत गेलेल्या, आणि त्या रेघांतच त्याचं तेल. किसणीवर दोनदा ओढलं की पुरे. जायफळ हलक्या हाताने घालायचं द्रव्य आहे, चमच्याने घातलं तर विषबाधा होते. गुटीतला तो एकच वेढा उगीच नव्हता.

दालचिनीचंही सांगायला हवं. बाजारात जाड, कडक, एकाच सालीची गुंडाळी दालचिनी म्हणून मिळते ती बहुधा कॅशिया. तिच्यात कुमारिन असतं, रोज आणि जास्त घेतलं तर यकृताला त्रास देणारं. खरी दालचिनी पातळ, अनेक पदरांची असते, बोटांत चुरगळते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाची तिची जात काढली आहे, आणि कोकणातल्या बागांमधून ती मिळते. रोज घ्यायची तर हीच घ्यावी.

हे सगळं पेल्यात कोरडंच ढवळायचं आणि वर फक्त दोन चमचे कढत पाणी. इथे थांबायचं. भुकटी आधी पाण्याला दाद देत नाही, वरवर तरंगते, गुठळ्या धरते. चमच्याच्या पाठीने दाबत राहिलं की हळूहळू हार मानते, आणि मग एका क्षणी सगळं मिळून चकचकीत होतं, पहिल्या पावसात भिजलेल्या जांभ्यासारखं. तेव्हाच वास उठतो. आधी सुंठ नाकात शिरते, मग दालचिनी, आणि सगळ्यांत शेवटी, खालून, कोको. मी दर वेळी त्या वाफेवर तोंड धरते.

मग २०० मिलिलिटर दूध, उकळी फुटायच्या आत उतरवलेलं, त्यात आधीच एक मऊ खजूर वाटून घातलेला. गूळही चालतो, पण गूळही साखरच आहे, हे लक्षात ठेवून. दूध धारेने घालायचं आणि रवीने घुसळायचं. फेस आला पाहिजे. मेक्सिकोत यासाठी लाकडी मोलिनिल्यो वापरतात, दोन्ही तळहातांत धरून फिरवतात. त्याच्याही आधी माया लोक एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून धार धरून फेस काढायचे. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात सातव्या-आठव्या शतकातलं एक माया पात्र आहे, त्यावर नेमकं हे चितारलेलं आहे. राजवाड्यात म्हातारा देव सिंहासनावर बसलेला आहे, आणि एका कडेला एक बाई उभी राहून चॉकलेटची धार धरते आहे. ते चित्र मी खूप वेळ बघत बसते. पिणारा कोण ते स्पष्ट आहे. ओतणारीला त्यातला घोट मिळाला का, हे चितारणाऱ्याने सांगितलेलं नाही.

याने हार्मोन जागेवर येतात का? हा प्रश्न मला विचारतात आणि मी सरळ उत्तर देते: नाही. अंडाशय थकत चालले की इस्ट्रोजेन आधी हेलकावे खातं आणि मग उतरतं, कुठलाही पेला ते परत भरत नाही. ज्या पाकिटांवर तसं लिहिलेलं असतं ती मी परत ठेवते. अश्वगंधा घातलेली तयार मिश्रणं मिळतात, तीही मी घेत नाही. अश्वगंधा थायरॉईडच्या संप्रेरकांवर परिणाम करते, काहींच्या यकृताला तिने इजा झालेली आहे. ती औषध आहे, आणि औषध विचारून घ्यावं.

पण इस्ट्रोजेन उतरू लागलं की त्याच्या आधाराने चालणाऱ्या बाकीच्या गोष्टी डळमळतात, आणि तिथे हात पोचतो. शरीर इन्शुलिनला पूर्वीसारखं दाद देत नाही, चरबी कमरेपाशी जमते. म्हणून संध्याकाळी साखरेच्या चहाबरोबर दोन बिस्किटं जायची, तिथे हा पेला आला हा माझा खरा लाभ. हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. २०० मिलिलिटर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. चमचाभर कोकोत तीसेक मिलिग्रॅम मॅग्नेशियम येतं, दिवसाची गरज ३०० च्या पुढे आहे म्हणजे थोडंच, पण बिस्किटात तेवढंही नसतं. सुंठेने पाळीतलं दुखणं कमी होतं असं लहान चाचण्यांत दिसलं आहे, आणि आमच्या आज्यांना चाचणीशिवाय माहीत होतं.

दोन पथ्यं मात्र मी पाळते. पेला जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेत नाही, कारण कोको लोह शोषू देत नाही, आणि या वयात रक्त आधीच खूप जातं. रात्रीही घेत नाही. कोकोत कॅफिन थोडंच असलं तरी थिओब्रोमिन भरपूर असतं, आणि झोप आता इतकी पातळ झाली आहे की तिला धक्का लावायची माझी तयारी नाही. पाचची वेळ बरी. शिवाय कढत आणि तिखट दोन्हींनी अंगातून वाफा येतात, म्हणून मी मिरी घालत नाही आणि पेला कोमट होईपर्यंत थांबते. थांबायला हरकत नसते. त्या वेळात कुणी काही मागितलं तरी मी उठत नाही, हे घरात आता सगळ्यांना ठाऊक आहे.

परवा धाकटी जाऊ आली होती. एकेचाळिशीची आहे, तिची पाळी पुढेमागे व्हायला लागली आहे. दारातूनच म्हणाली, ‘ताई, तुमचं ते काय असतं, ते मलाही करून द्या.’ मी म्हटलं, देते, पण आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे, पाळी लवकर बिघडली तर कारण बघायला लागतं. तिने मान डोलावली, आणि मी बोलायची थांबेपर्यंत तिचा हात मसाल्याच्या डब्यात गेलेला होता. पेस्टमध्ये तिने मिरपूड घातली, वर लाल तिखटाची चिमूट टाकली आणि माझ्याकडे बघितलं. घाल, म्हटलं. तुला अजून वाफा येत नाहीत, तुला चालेल.