आधी तळ, मग मासा

अर्जुनी मोरगाव तालुक्यात वाढलेल्या पोराला तलावाचा तळ आधी पायांनी कळतो. प्रतापगडाच्या डोंगराभोवती, गोठणगाव-इटियाडोहाच्या वाटेवर तलाव आणि बोड्या (लहान तळी) जागोजागी. पाण्यात उतरले की काठाजवळ टोचणारा मुरूम, पुढे रेताड पट्टा, आणि मध्ये पाय ओढून घेणारा काळा गाळ. शेतजमिनीला आमच्याकडे कन्हार, मोरांड, खरडी अशी नावे आहेत. मी तीच नावे मनातल्या मनात तलावाच्या तळालाही देत असे.

आमच्या तलावाच्या पाळीवर जाळे विणत बसणारे एक ढिवर आजोबा म्हणायचे, "बाबू, मासा नोको पाहू, चिखल पाय." मांगूर आणि शिंगी मऊ गाळात असतात, वाम रेतीत अंग पुरून नुसते तोंड बाहेर ठेवते, टेंगरा दगडामुळांचा आडोसा धरतो. शिंगीच्या काट्यात विष असते, तेव्हा गाळात हात घालण्याआधी तो कोणाचा गाळ हे ओळखणे भागच होते.

नोकरीसाठी नागपूरला आलो आणि भाड्याच्या खोलीत काचेची टाकी आणली. दुकानात मासे कौतुकाने दाखवतात आणि निळेलाल खडे जाता जाता पिशवीत घालतात. मला हा क्रम तेव्हाही पटला नाही, आज तर मुळीच पटत नाही. वरच्या पाण्यात फिरणाऱ्या माशाला खाली काय अंथरले आहे याचा फारसा फरक पडत नसेल. तळाच्या माशाचे ताट आणि अंथरूण दोन्ही तेच असते. दक्षिण अमेरिकेतला कोरीडोरास मिशांनी तळ चाचपतो. त्या मिशांवर चव कळणाऱ्या पेशी असतात. तो तोंड रेतीत खुपसतो, त्यातले खाण्याजोगे ठेवतो आणि रेती कल्ल्यांतून बाहेर सोडतो. हे पाहायला मी रात्री उशिरापर्यंत जागलो आहे. जाड खड्यांवर त्याला हे करताच येत नाही. वर खड्यांच्या फटीत उरलेले खाद्य कुजते, आणि त्या घाणीत सतत वावरून त्याच्या मिशा झडत जातात. आग्नेय आशियातली कुहली लोच तर रेतीत शिरणारीच. तिला बारीक रेती मिळाली नाही, तर बिचारी दिवसभर कोपऱ्यात अंग चोरून बसते.

म्हणून मी रेती निवडतो ती बोटांनी. चिमूट चोळून बघायची: कण गोल हवा, साखरेच्या दाण्याहून मोठा नको, कुठेही धार लागता कामा नये. थोड्या रेतीवर लिंबू पिळायचे. फेस आला तर तिच्यात चुना आहे, पाणी जड होणार, ती रेती बाजूला. मग निवळ पाणी येईपर्यंत धूत राहायचे. थर 4 ते 5 सेंटिमीटर पुरतो. त्याहून जाड केला तर खालच्या भागात हवा पोचत नाही आणि तिथे सडका, कुजट वास धरतो.

आडोशाचे महत्त्व रेतीइतकेच. फुटक्या मडक्याची खापरी (कडा घासून), नारळाची करवंटी, पाण्यात मुरवलेले लाकूड, देशी बदामाची वाळलेली पाने. पानांनी पाणी पिंगट होते. पाहुण्यांना ते मळके वाटते, माशांना नाही. लपायला जागा भरपूर असली की लाजरा मासा जास्त वेळ बाहेर राहतो, कारण पळून जायला ठिकाण आहे हे त्याला माहीत असते.

आधी तळ तयार करण्याचे हेच काम आमच्या तालुक्यात काचेविना, उघड्या आभाळाखाली चालले आहे आणि त्याचा मला फार अभिमान वाटतो. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव 1950 च्या कायद्याने मालगुजारी (जमीनदारी) गेली तेव्हा सरकारकडे आले. पुढे काठ बेशरमीच्या झुडपांनी व्यापले. रोहू-कटल्याचे बीज सोडले जाऊ लागले. काही ठिकाणी गवत्या मासाही आला, तो पाणवनस्पतीच खातो. तळ उघडाबोडका झाला, देशी मासे कमी झाले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि इथले ढिवर स्त्री-पुरुष यांनी उन्हाळ्यात बेशरम उपटली, कोरडा तळ नांगरला आणि पावसानंतर देशी पाणवनस्पती लावल्या. कुठली वनस्पती कुठल्या खोलीवर, कुठल्या मातीत आणि कुठल्या माशासाठी, हे ज्ञान ढिवरांकडे होतेच. वनस्पती परतल्या तिथे देशी मासेही परतले. पाळीवरच्या आजोबांचे बोलणे मला या कामात पुन्हा ऐकू येते.

2017 पासून गाळमुक्त धरण योजनेत तलावांतला गाळ शेतात जातो. शेताला तो हवाच. माझे मागणे एवढेच, की यंत्र तलावात उतरवण्याआधी गावच्या ढिवरांना विचारा आणि तळाचा एक भाग मुळांसकट, बियांसकट राहू द्या. आणि घरी टाकी आणणार असाल तर दुकानात पहिल्या दिवशी फक्त रेती घ्या. ती धुवा, पसरा, खापरी मांडा, पाणी भरा, काही आठवडे टाकी मुरू द्या. मासा त्यानंतर आणा.