दोन कॉटच्या मधली जागा

वसतिगृहाची खोली बघावी ती सामान आत यायच्या आधी, पावसाळ्याच्या तोंडावरच्या एखाद्या ओलसर सकाळी. दोन लोखंडी कॉट, दोन टेबलं, भिंतीतली दोन कपाटं. पंखा मात्र एकच. सुट्टीभर बंद राहिल्यामुळं चुन्याचा आणि जुन्या वहीचा वास कोंडलेला. भिंती कोऱ्या वाटतात, पण जरा थांबलं की वाचता येतात. खिडकीशेजारी पेन्सिलीनं काढलेला बेंझिनचा षटकोन, स्विचबोर्डाखाली मेसच्या उधारीचा हिशेब, कपाटाच्या दारामागं गणपतीचं अर्धवट सोललेलं स्टिकर. त्याखाली परीक्षेपर्यंतच्या दिवसांच्या रेघा, एकेक खोडत आणलेल्या. शेवटच्या काही रेघा खोडायच्या राहून गेल्यात. तेवढ्या दिवसांत इथं राहणारी मुलगी खरंच अभ्यासाला बसली असावी.

लेकीला कोल्हापूरला पोचवायला गेले तेव्हा आधी या भिंती वाचल्या आणि मग केरसुणी हातात घेतली.

सामानातल्या बादली, मग, हँगर, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, कपाटात अंथरायला जुने पेपर यांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ते महाद्वार रोडवर तासाभरात मिळतं. गादीची गोष्ट निराळी. घरची गादी रुंद आणि वसतिगृहाची कॉट अरुंद, म्हणून ती उसवली. तिच्या आजीच्या दोन उशांचा कापूस त्यात घातला आणि सगळा पुन्हा पिंजून घेतला. पूर्वी पिंजारी दारात येई, तारेचा टणत्कार गल्लीभर घुमे आणि कापसाची म्हातारी नाकातोंडात जाई. आता दुकानात यंत्र आहे. तरी दडपून घट्ट झालेला कापूस पिंजल्यावर जो फुलतो, तो बघत उभं राहण्याचा मोह मला आवरत नाही. नवी गादी टाके घालून तयार झाली तेव्हा लेक म्हणाली, “आई, फोमची गादी हलकी असती गं.” असती. पण फोमला उन्हात टाकल्यावर येणारा वास येत नाही, हे तिला पावसाळा संपल्यावर कळेल.

आमच्या वेळी एसटीच्या टपावर पत्र्याची ट्रंक आणि वळकटी चढायची, एवढ्यात संसार आटपायचा. घरचं जेवणही एसटीनंच येई. गावाकडून सकाळच्या गाडीत कंडक्टरच्या हवाली केलेला डबा दुपारी स्टँडवर जाऊन घ्यायचा. भाकरी गार, पण फडक्याच्या गाठीवरून आईचा डबा लांबून ओळखू यायचा.

कोल्हापुरात मुलांना ठेवताना आणखी एक गोष्ट मनात असते. दसरा चौकात उभं राहिलं की बोर्डिंगांच्या जुन्या इमारती दिसतात. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग 1908 चं. खेड्यातल्या पोराला शाळा नुसती उघडून चालत नाही, त्याला शहरात पाठ टेकायला जागा लागते, हे त्या राजाला नेमकं उमगलं होतं. याच गावात जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली घेतली आणि चूलही एकच ठेवली. त्या चुलीसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. आपण प्लास्टिकच्या बादलीचा रंग पसंत करत दुकानात उभे असतो, तेव्हा हे आठवलं तर बरं असतं.

दुपारी दुसऱ्या कॉटची मालकीण आली. सोलापूरकडची. डोक्यावर ट्रंक घेतलेले तिचे वडील दारातच थबकले. “ताई, खिडकीकडची कॉट तुमच्या पोरीची का?” मी काही बोलायच्या आत लेकीनं आपली गादी उचलली आणि भिंतीकडच्या कॉटवर टाकली. त्या मुलीला दम्याचा त्रास आहे, हे दोघींचं फोनवर आधीच बोलून झालं होतं. आम्हा मोठ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग ट्रंकेतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी निघाली, आमच्या डब्यातून तिखटमिठाच्या पुऱ्या. दोन कॉटच्या मध्ये पेपर पसरला आणि चौघं खाली बसलो. मी दिवसभर लावत होते ती खोली, पण लागली ती तेव्हा. टेबलक्लॉथ, फोटोफ्रेम, आरसा हे पिशवीतच होतं, आणि ती पिशवी मी गुपचूप परत नेली. भिंतीवर काय लावायचं ते त्या दोघी ठरवतील, किंवा काहीच लावणार नाहीत.

पोरांना पोचवायला जाणाऱ्यांना एवढंच सांगते. गादी चांगली द्या, चटणी दोघींना पुरेल एवढी द्या आणि संध्याकाळच्या आधीची एसटी पकडा. कुलपाला तीन किल्ल्या आल्या तर दोन त्या दोघींच्या, तिसरी रेक्टरकडे ठेवायला द्या. आपल्या पर्समध्ये टाकू नका.